जिन्यातले दिवे

स्मरणिकेसाठी लिहायला बसलो आणि जुनं प्रोसिडिंग बुक काढलं. पार्किंगखालोखाल आपल्या सभांमध्ये सगळ्यात जास्त वाद कशावर झाले असतील, तर जिन्यातल्या दिव्यांवर!

२००० साली ताबा मिळाला तेव्हा तिन्ही इमारतींच्या जिन्यांत मिळून ६० वॅटचे २४ पिवळे बल्ब होते. रात्रभर बारा तास जळायचे, म्हणजे महिन्याला ५०० च्या वर युनिट. या बल्बमध्ये बहुतेक वीज उष्णतेतच जाते. पाली मात्र खूश असायच्या.

मग भारनियमन आलं. गुरुवार हा पुण्याचा पूर्वीपासून लाइट जाण्याचा वार, आता रोजच गुरुवार झाला. २००६ मध्ये पुण्याने त्यातून वेगळी वाट काढली. टंचाईच्या वेळी कारखान्यांनी आपले जनरेटर चालवायचे, त्यांच्या वाटची वीज शहराला मिळायची आणि डिझेलचा जादा खर्च ‘विश्वासार्हता आकार’ म्हणून ग्राहकांच्या बिलात यायचा. लाइट राहिले, पण युनिटची किंमत सगळ्यांना कळली.

मी तेव्हा खजिनदार. मोठ्या ऐटीत ठराव मांडला, जिन्यात सगळीकडे ५ वॅटचे सीएफएल लावायचे. बिल धाडकन उतरलं. सभेत टाळ्या पडल्या, त्या मी घेतल्याही.

त्याच हिवाळ्यात बी इमारतीतल्या काकू दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरी चुकल्या. खुब्याचं हाड मोडलं. पुढे त्या वॉकरशिवाय चालल्या नाहीत. “माझंच लक्ष नव्हतं,” असं त्या सगळ्यांना सांगत राहिल्या. पुढच्या सभेत मला कोणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

चूक साधी होती. वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो ते. उजेड किती देतो ते ल्यूमेनमध्ये मोजतात. ६० वॅटचा जुना बल्ब साधारण ७०० ल्यूमेन देतो, ५ वॅटचा सीएफएल २५० च्या आसपास. त्याजागी निदान ११ ते १५ वॅटचा हवा होता. मी फक्त बिल पाहिलं.

जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारची एलईडीची योजना सुरू झाली, तीच पुढे ‘उजाला’. सरकारी खरेदीत २०१४ साली ३१० रुपयांना पडणारा बल्ब दोन-तीन वर्षांत ३८ रुपयांवर आला. घरांसाठी आपण वीजबिल दाखवून ते आणले, आठवत असेल. जिन्याचा विषय पुन्हा निघाला तेव्हा मी कमिटीत नव्हतो, तरी हट्ट धरला की आधी एकच आणा. ९ वॅट, ८०० च्या वर ल्यूमेन. चोवीसच्या चोवीस लावले तरी महिन्याला ८० युनिटच्या आत.

तो पहिला त्या वळणावर लावला. काकू वॉकर घेऊन दाराशी आल्या, खाली वाकून पाहिलं. म्हणाल्या, “आता दिसते रे पायरी.”

मग उरलेले २३ आणले.