संकर कोणाचा? एका ध्वनिमुद्रिकेचे ग्रहण

राहुलदेव बर्मन यांच्या जुन्या चित्रपटगीतांवर आधारलेली ‘यू हॅव स्टोलन माय हार्ट’ ही ध्वनिमुद्रिका आशा भोसले आणि अमेरिकेतील क्रोनोस क्वार्टेट यांनी २००५ साली सिद्ध केली. झाकिर हुसेन व चिनी पिपावादक वू मान यांचाही तीत सहभाग होता. ग्रॅमीसाठी तिचे नामांकन झाले ते ‘समकालीन जागतिक संगीत’ या वर्गात. ही वर्गवारी म्हणजेच एक समीक्षा होय. तीनुसार संस्कृतिसंकर हा नव्या प्रयोगाचा गुण ठरतो. वस्तुतः ‘यादों की बारात’ (१९७३) मधील मूळ ‘चुरा लिया’तच गिटार आणि काचेचा नाद एकत्र आले होते. हा संकर मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत आधीच घडला होता. मनोहारी सिंग, बासुदेव चक्रवर्ती, मारुतीराव कीर हे बर्मन यांचे साहाय्यक त्याचे सहकर्ते होत. एकट्या संगीतकारालाच कर्तृत्व बहाल करणारी समीक्षा त्यांना पुन्हा एकदा अनामिक करते.