अवज्ञा आणि आज्ञार्थ : एका प्रश्नाचा इतिहास

मार्च १९०२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज फ्रेडरिक स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी तीन व्याख्याने दिली. ती त्याच वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ज्यांची बुद्धी शाबूत आहे, परंतु ज्यांचे वर्तन कोणत्याही शिस्तीस जुमानत नाही, अशी मुले हा त्यांचा विषय होता. या स्थितीस त्यांनी ‘नैतिक नियंत्रणातील दोष’ असे नाव दिले. ते नाव आज कालबाह्य झाले असले, तरी त्यांचे एक निरीक्षण विचारात घेण्याजोगे आहे. शिक्षा भोगलेले मूल काही तासांतच तोच अपराध पुन्हा करते, असे त्यांना आढळले. शिक्षा वाढवून येथे फारसे काही साधत नाही, याचा पुरावा अशा रीतीने आरंभापासूनच हाताशी होता. त्यावरून निष्कर्ष मात्र असा काढला गेला की, दोष मुलाच्या ठायीच खोल रुजलेला असला पाहिजे. सांगणाऱ्याच्या सांगण्यात काही उणे असेल काय, हा प्रश्न पद्धतशीरपणे विचारला जाण्यास आणखी सुमारे साठ वर्षे जावी लागली. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा मागोवा घ्यावयाचा आहे.

दरम्यान नावे बदलत गेली. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणाच्या १९६८ च्या आवृत्तीत भर मुलाच्या अतिचांचल्यावर होता. १९८० च्या आवृत्तीत अवधानाची उणीव केंद्रस्थानी आली आणि ‘विरोधी वर्तन’ ही निराळी विकृती म्हणून नोंदली गेली. १९८७ मध्ये ‘एडीएचडी’ हे आजचे नाव रूढ झाले. हे दोन्ही विकार पुष्कळदा एकाच मुलात आढळतात. तरीही त्यांची फारकत महत्त्वाची आहे, आणि मराठी भाषकाने तर ती विशेष ध्यानी घ्यावी. आपल्या भाषेत ‘ऐकणे’ हे एकच क्रियापद कानांनी ग्रहण करणे आणि सांगितलेले मानणे, हे दोन्ही अर्थ वाहते. ‘हा ऐकतच नाही’ असे आई म्हणते, तेव्हा सूचना मनात टिकली नाही की टिकूनही झुगारली गेली, याचा निवाडा ते वाक्य करीत नाही. पहिल्या प्रकारच्या मुलास दुसऱ्याची शिक्षा मिळते ती बहुधा येथेच.

प्रश्नाचे स्वरूप पालटले ते अमेरिकेतील ओरेगन राज्यात. जेराल्ड पॅटर्सन आणि त्यांचे सहकारी निरीक्षकांना प्रत्यक्ष घरी पाठवीत आणि माता व मुले यांच्यातील व्यवहार क्षणाक्षणाने सांकेतिक चिन्हांत नोंदवून घेत. त्यांतून पॅटर्सन यांनी जे सूत्र काढले आणि १९८२ च्या ग्रंथात सविस्तर मांडले, ते थोडक्यात असे : आई काही सांगते, मूल आकांत करते, आई सूचना मागे घेते, आकांत थांबतो. आकांताने काम टळते हे मूल शिकते, आणि माघार घेतली की शांतता लाभते हे आई शिकते. येथे कोणीही दुष्ट नाही. दोघेही एकमेकांना घडवीत आहेत. शिवाय आई कधी ठाम राहते आणि कधी नमते, तेव्हा सवय अधिकच चिवट होते. अधूनमधून मिळणारे फळ वर्तनास दीर्घकाळ टिकविते, हे फर्स्टर व स्किनर यांनी १९५७ मध्ये प्रयोगांनी दाखविलेच होते. ‘सातत्य’ या शब्दास या शास्त्रात जो अर्थ आहे तो हाच. कठोरपणाशी त्याचा संबंध नाही.

ओरेगनमध्येच कॉन्स्टन्स हॅन्फ यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस दोन टप्प्यांची एक रीत बसविली. पहिल्या टप्प्यात पालकाने मुलाच्या खेळात सामील व्हावयाचे, परंतु आज्ञा करावयाची नाही आणि प्रश्नही विचारावयाचा नाही. दुसऱ्या टप्प्यात मोजक्या, स्पष्ट आज्ञा. पाळल्यास तत्काळ कौतुक, न पाळल्यास ठरलेला सौम्य परिणाम. या क्रमातच मर्म आहे, असे मला वाटते. शीला आयबर्ग, रेक्स फोरहँड, रसेल बार्कली या पुढील अभ्यासकांच्या पद्धती याच मुळातून फुटल्या. त्यांपैकी फोरहँड यांच्या गटाने आज्ञांचेच वर्गीकरण केले. जी पाळता येण्याजोगी असते ती ‘अल्फा’. जी संदिग्ध असते, किंवा पाळण्यास अवसर न देताच जिच्यावर दुसरी लादली जाते, ती ‘बीटा’. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास हे वाचून आपल्याच अंगणात आल्यासारखे वाटेल.

मराठी घरांतील नित्याची वाक्ये या कसोटीवर लावून पाहावीत. ‘वही दप्तरात ठेव’ ही आज्ञा. ‘ठेवतोस का?’ हा रूपाने प्रश्न. त्यास ‘नाही’ हे व्याकरणदृष्ट्या निर्दोष उत्तर आहे. ‘आता आपण अभ्यास करू या हं’ यात कर्ता कोण हे धूसर. ‘शहाण्यासारखा वाग’ यात क्रिया कोणती, हे मुलाने ओळखावयाचे. ‘हे काय चालवलं आहेस?’ यात तर करावयाचे काहीच सांगितलेले नाही. अवधान निसटणाऱ्या मुलास असे आडवळणाचे बोलणे उलगडण्याचे श्रम दुप्पट पडतात. त्यातून आईने नाकारलेले आजीने दिले, की घरात दोन व्याकरणे नांदू लागतात! बार्कली यांनी आग्रह धरला तो याचसाठी, की या मुलांच्या बाबतीत शब्द थोडे असावेत आणि परिणाम लगेच घडावा. संध्याकाळी बाबा आल्यावर होणारा न्याय त्यांच्या कामाचा नाही.

या रीतीची मर्यादाही नोंदविली पाहिजे. अमेरिकेत ५७९ मुलांवर १४ महिने चाललेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या तुलनात्मक अभ्यासात, अवधानाच्या मूळ लक्षणांवर काटेकोर औषधयोजना ही केवळ वर्तनोपचारापेक्षा सरस ठरली. विरोधी वर्तन, पालकांशी असलेले नाते अशा काही बाबतींत मात्र दोहोंच्या संयोगाकडे कल दिसला. तीन वर्षांनंतरच्या पाहणीत गटागटांतील हा फरक मावळलेला आढळला.