मोजपट्टी आणि गावकूस

विजय केळकर हे नाव अर्थखात्याच्या दफ्तरात जितके परिचित, तितके आपल्या चळवळीत नाही. त्याच्याशी आपला काय संबंध, असे आपण मानत आलो. ही चूक आहे. सार्वजनिक पैशाच्या वाटणीचे सूत्र ज्याने मांडले, त्याचे आयुष्य शोषितांनी तपासलेच पाहिजे.

केळकरांचा जन्म १९४२ चा. १९६३ साली पुणे विद्यापीठाची अभियांत्रिकीची पदवी त्यांनी घेतली. पुढे अमेरिकेत मिनेसोटा, मग बर्कले. १९७० साली ते अर्थशास्त्राचे डॉक्टर झाले. १९९१ ते १९९४ जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेत संचालक, पुढे भारताचे पेट्रोलियम सचिव आणि अर्थसचिव. १९९९ ते २००२ या काळात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कार्यकारी मंडळावर त्यांनी भारत, बांगलादेश, श्रीलंका व भूतान यांचे प्रतिनिधित्व केले. ते राजदूत नव्हते. पण कर्ज देणाऱ्यांच्या टेबलावर गरीब देशांची बाजू मांडणे, हे राजनयाचेच काम.

सोलापुरात माझ्या वर्गात विडी वळणाऱ्या आईची, यंत्रमागावर राबणाऱ्या बापाची मुले बसतात. इंजिनिअर झालेला माणूस अर्थशास्त्राकडे वळला, याचे त्यांना नवल वाटते. मला त्यांचे नवल समजते. मीही घरातला पहिला पदवीधर. पहिली पदवी घरच्या चुलीला बांधलेली असते. ती सोडून दुसरी वाट धरायची मुभा नसते. ही मुभा म्हणजेसुद्धा वारशाने मिळणारी मालमत्ता आहे. असे म्हटल्याने केळकरांच्या बुद्धीला उणेपणा येत नाही. परंतु ज्याच्या वारशाला यातले काहीच नव्हते, त्या बाबासाहेबांनी तीच विद्या कोलंबियात आणि लंडनमध्ये जाऊन मिळवली, हे आपण विसरू नये.

आणि येथेच हे दोन अर्थशास्त्रज्ञ एका प्रश्नापाशी येतात. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा बाबासाहेबांचा प्रबंध १९२५ साली ग्रंथरूपाने निघाला. पैसा गोळा कोण करणार आणि खर्च कोण करणार, हा त्याचा गाभा. पुढे संविधानाच्या २८० व्या कलमाने वित्त आयोग आला. २००७ साली नेमलेल्या तेराव्या आयोगाचे अध्यक्ष केळकर होते. वाटपयोग्य केंद्रीय करांतील राज्यांचा हिस्सा या आयोगाने ३०.५ वरून ३२ टक्क्यांवर नेला. पंचायती व नगरपालिकांचे अनुदानही ठरावीक रकमेऐवजी कराच्या टक्केवारीला जोडले. म्हणजे कर वाढला की गावाचा वाटाही वाढणार. हे पाऊल मोलाचे होते.

२०११ साली महाराष्ट्र सरकारने समतोल प्रादेशिक विकासासाठी समिती नेमली, तिचेही अध्यक्ष केळकरच होते. त्याआधी १९८४ च्या दांडेकर समितीने अनुशेष जिल्हावार मोजला होता. केळकर समितीने तालुक्यावर भर दिला. सोलापूरकराला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. नीरेच्या कालव्याचा माळशिरस आणि पाण्यासाठी वर्षानुवर्षे झगडणारी सांगोला, मंगळवेढ्याची गावे, यांची सरासरी एकत्र काढली की उसाच्या फडामागे कोरडी विहीर लपते. मोजपट्टी लहान केली की ती दिसू लागते.

मग आमचा प्रश्न असा: मोजपट्टी तालुक्याशीच का थांबावी? तालुक्याच्या आकड्यात गाव दिसत नाही, गावाच्या आकड्यात वस्ती दिसत नाही. गावात नळ आला अशी नोंद होते; तो कोणत्या गल्लीपर्यंत आला, याचा रकाना त्या नोंदीत नसतो. प्रदेशाचा अनुशेष मोजता येतो, तर जातीचा अनुशेष का मोजता येऊ नये?

याच मंगळवेढ्यात गावकुसाचे बांधकाम करताना चोखोबा ढिगाऱ्याखाली गेले, असे परंपरा सांगते. कूस गावाचे, बांधणारे हात कुसाबाहेरचे. हिशेबाचेही आज तसेच आहे. केळकरांनी मोजपट्टी जिल्ह्याच्या आत नेली. ती कुसाबाहेर नेण्याचे काम दुसरे कोणी आपल्यासाठी करील, याची वाट पाहू नये. आपल्या मुलांनी कविता लिहावी, मोर्चे काढावेत. त्याचबरोबर अर्थसंकल्पही वाचावा. ग्रामपंचायतीच्या जमाखर्चापासून सुरुवात करता येईल.