जड चिखलाची कुळकथा

विदर्भातल्या वडशाच्या शेतात बोअर मारतात तेव्हा कॉम्प्रेसरची हवा खडकाचा भुगा वर फेकते आणि पाणी उसळले की घरादाराला आनंद होतो. खोल समुद्रातल्या तेलविहिरीत नेमके हेच उसळणे टाळायचे असते. तळाशी तेल-वायू प्रचंड दाबाखाली दबा धरून असतात. त्यांना आपल्या वजनाने तिथेच थोपवतो तो विहिरीत भरलेला चिखल. कामगार त्याला ‘मड’ म्हणतात.

आधी चिखल वापरला गेला तो फक्त भोकाच्या भिंती सावरायला. टेक्सासमध्ये स्पिंडलटॉपला हॅमिल बंधू खोदत होते त्या विहिरीत वाळू ढासळत होती. त्यांनी पाण्याच्या खड्ड्यात गुरे फिरवून ते गढूळ केले आणि विहिरीत सोडले, अशी हकीकत सांगतात. भिंत टिकली. पण १० जानेवारी १९०१ला तेल उसळले आणि नऊ दिवस आवरेना.

चिखलाला वजन आले १९२०च्या दशकात. लुइझियानात स्ट्राउड नावाच्या गृहस्थांनी वायुविहिरींसाठी त्यात जड खनिजांची पूड मिसळली. त्यातले बराइट टिकले, कारण ते पाण्याच्या चौपटीहून जड आणि तरी मऊ. हा दगड चंद्रपूर जिल्ह्यातही सापडतो. भारतातला सर्वांत मोठा साठा मात्र आंध्रातल्या मंगमपेटचा.

पाइपभोवती जबड्यासारखी मिटणारी झडप ॲबरक्रॉम्बी आणि कॅमेरॉन यांनी १९२२मध्ये बनवली. आज तिला ब्लोआउट प्रिव्हेंटर, म्हणजे बीओपी म्हणतात. ती दुसरी राखण, पहिली चिखलाचीच. पाइपातून खाली सोडलेला चिखल बाजूने वर परत येत राहतो; सोडला त्याहून जास्त येऊ लागला, की खालून काहीतरी आत शिरले, हे ओळखायचे. मग झडप मिटून जादा जड चिखल हळूहळू आत घालायचा.

मुंबई हायवर १९७४मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगने तेल शोधले, तिथे समुद्र शंभर मीटरही खोल नाही. हजार-दीड हजार मीटर खोलीत काम फार नाजूक होते. वर खडकाऐवजी पाणीच जास्त, म्हणून थर कमकुवत. चिखल हलका पडला तर वायू घुसतो, जड झाला तर थर फुटून चिखलच आत मुरतो.

मेक्सिकोच्या आखातातल्या मकोंडो विहिरीवर २० एप्रिल २०१०ला विहीर उसळून स्फोट झाला आणि अकरा कामगार गेले. बीओपीने दगा दिला, यावर खूप बोलले गेले. मला त्याआधीची चूक मोठी वाटते: दाबाच्या चाचणीचा अर्थ चुकीचा लावून, विहीर बंद झाली असे मानून, जड चिखल काढला आणि त्याच्या जागी समुद्राचे हलके पाणी भरले.