उघड्या खोडावरून आपत्कालीन अवरोहण

उघड्या खोडावरून आपत्कालीन अवरोहण म्हणजे फांद्या किंवा शेंडा नसलेल्या उभ्या खोडावर काम करणाऱ्या वृक्षारोहकाला संकटप्रसंगी त्वरेने आणि नियंत्रितपणे जमिनीवर आणण्याची पद्धत होय. करवतीने झालेली जखम, भोवळ, गांधीलमाश्यांचा हल्ला किंवा खोड तडकणे ही अशा प्रसंगांची प्रमुख कारणे आहेत. या पद्धतीतील उतरण्याचा दोर संकट येण्यापूर्वीच खोडाला बांधलेला असावा लागतो.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात व गोव्यात असे खोड प्रामुख्याने माडाचे, म्हणजे नारळाच्या झाडाचे असते. नारळाच्या उंच जाती २० ते ३० मीटरपर्यंत वाढतात. झाडाचा वाढणारा कोंब शेंड्याशी एकच असतो. गेंड्या भुंगा, सोंड्या भुंगा, कोंब कुजणे, वीज किंवा वादळ यांमुळे तो नष्ट झाल्यास खोडाला नवी फूट येत नाही. ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूड व दापोली परिसरातील नारळ-सुपारीच्या बागांची मोठी हानी केली. घरे, रस्ते किंवा वीजवाहक तारा यांच्याजवळ उभे राहिलेले मृत खोड एकदम पाडता येत नाही. ते वरून खाली तुकड्यातुकड्यांनी कापावे लागते.

माडाच्या बागा नसलेल्या मराठवाड्यातही निलगिरीसारख्या उंच झाडाच्या फांद्या आधी उतरवल्यानंतर उरलेल्या खोडावर हीच स्थिती निर्माण होते.

अडचणीचे स्वरूप

फांद्या असलेल्या झाडावर दोर बेचक्यातून ओवून आरोहक त्याच दोराने खाली येऊ शकतो. उघड्या खोडावर दोर अडकवण्यास बेचकेच नसते. आरोहक पायांना बांधलेले पोलादी काटे खोडात रोवून उभा राहतो आणि कमरेच्या पट्ट्याला जोडलेला लॅनयार्ड खोडाभोवती फिरवून तोल सांभाळतो. एवढ्याच साधनांवर उतरायचे झाल्यास प्रत्येक पावलाला काटा उपसून पुन्हा रोवावा लागतो व लॅनयार्ड खाली सरकवावा लागतो. हात किंवा पाय जखमी असल्यास हे अशक्य होते. पोलादी काट्यांनी झाडाला जखमा होत असल्याने ते केवळ तोडावयाच्या झाडावरच वापरतात.

पारंपरिक पद्धती व आरोहण यंत्र

कोकणात नारळ उतरवणारे अनेक आरोहक खोडावर पाडलेल्या खाचांच्या आधारे किंवा पायांत दोरीचा फास अडकवून चढतात. गोव्यात नारळ पाडणाऱ्यास पाडेली, तर माडाचा रस काढणाऱ्यास रेंदेर म्हणतात. या पद्धतींत सारा भार आरोहकाच्या हातापायांवर असतो. पकड सुटल्यास त्याला रोखणारे दुसरे काही नसते.

केरळमधील कण्णूर जिल्ह्यातील चेंबेरी येथील एम. जे. जोसेफ यांनी तयार केलेले पायटे असलेले आरोहण यंत्र देशभर प्रचलित झाले. नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये ‘नारळ वृक्षाचे मित्र’ ही प्रशिक्षण योजना सुरू करून या यंत्राचा प्रसार केला. यंत्रामुळे चढणे सोपे झाले. परंतु तोल गेलेला आरोहक पाय अडकून उलटा लटकू शकतो. केरळमध्ये अशा आरोहकांना अग्निशमन दलाने दोरांच्या साहाय्याने उतरवल्याच्या घटना घडल्या आहेत. त्यामुळे यंत्रासोबतही स्वतंत्र सुरक्षा दोर आवश्यक ठरतो.

पूर्वतयारी

चढण्यापूर्वी खोडावरील भुंग्यांची छिद्रे, कुजलेला भाग, भेगा आणि ठोकल्यावर येणारा पोकळ आवाज तपासतात. खोड विश्वासार्ह नसल्यास त्यावर न चढता यांत्रिक पाळण्यातून काम करतात.

आरोहक लॅनयार्डखेरीज दुसरा दोर सोबत नेतो. या दोराचा सरकफास खोडाभोवती आवळलेला असतो. भार पडताच तो अधिक घट्ट होतो. खोड गुळगुळीत असल्यास दोराला दोन वेढे देतात. दोर गिर्यारोहक रॅपलिंगसाठी वापरतात तशा डिसेंडरमधून पट्ट्याच्या मध्यभागी जोडलेला असतो. तो कामाच्या उंचीवरून जमिनीपर्यंत पोहोचेल एवढा लांब असतो व त्याच्या टोकाला अडसर गाठ मारतात. आरोहक वरखाली होईल तसा फासही सरकवला जातो; कापण्याची जागा नेहमी फासाच्या वर राहते. करवत चालवताना पोलादी गाभ्याचा लॅनयार्ड वापरल्यास तो चुकून कापला जाण्याचा धोका घटतो.

अवरोहणाची क्रिया

१. करवत बंद करून जमिनीवरील सहकाऱ्याला हाक दिली जाते.
२. शरीराचा भार हळूहळू दुसऱ्या दोरावर टाकून फास आवळला असल्याची खात्री केली जाते.
३. दोराने भार पेलल्यानंतरच लॅनयार्ड सोडला जातो.
४. पायांचे काटे खोडातून काढून, ते पुन्हा रुतणार नाहीत अशा बेताने पाय ठेवत, डिसेंडरच्या नियंत्रणाखाली सलग खाली उतरतात. दोर वरच सोडून दिला जातो.

बेशुद्ध आरोहकाची सुटका

आरोहक स्वतः उतरू शकत नसल्यास सहकारी दुसऱ्या दोराने चढून त्याला खाली आणतो. दुसऱ्या रचनेत दोर वरच्या कड्यातून ओवून खोडाच्या बुंध्याशी घर्षण-उपकरणात अडकवलेला असतो. त्यामुळे जमिनीवरील व्यक्ती आरोहकाला उतरवू शकते. मात्र या रचनेत वरच्या बिंदूवरील भार आरोहकाच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट होतो. किडलेल्या माडावर ही बाब निर्णायक ठरू शकते.

पट्ट्यात निश्चल लटकल्यास पायांत रक्त साचून मेंदूचा रक्तपुरवठा घटतो व थोड्या वेळात जीवाला धोका उद्भवतो. म्हणून बाहेरील मदतीची वाट पाहत आरोहकाला लटकत ठेवत नाहीत. जमिनीवर आणल्यानंतर त्याला आडवे करून श्वास तपासतात, रक्तस्राव दाबून थांबवतात आणि १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलावतात.

नियम व प्रशिक्षण

ब्रिटनमधील उंचीवरील कामासंबंधीच्या २००५ च्या नियमांनुसार सुटकेची योजना कामापूर्वीच आखणे बंधनकारक आहे. भारतात सुरक्षा पट्ट्यांसाठी आयएस ३५२१ हे मानक आहे. अवरोहणाचा सराव प्रथम जमिनीपासून हातभर उंचीवर करतात. उघड्या खोडावर एकट्याने काम करणे धोक्याचे मानले जाते. खाली किमान एक प्रशिक्षित सहकारी, त्याच्यासाठी स्वतंत्र पट्टा आणि दोर असणे अपेक्षित असते.