वऱ्हाडच्या कापसामागचा कोळसा

वऱ्हाडातील रेल्वेचा इतिहास सांगावयास बसले की तो कापसापासून सुरू होतो आणि कापसापाशीच संपतो. एका परीने ते यथार्थही आहे. कारण अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, 1861 ते 1865 या वर्षांत, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे व्यापाऱ्यांचे व सरकारचे लक्ष पूर्वी कधी लागले नव्हते इतके लागले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचे रूळ भुसावळहून शेगाव, अकोला, मूर्तिजापूर व बडनेरा करीत 1867 साली नागपुरास भिडले. जलंबहून खामगावास आणि बडनेऱ्याहून अमरावतीस जाणारे दोन आखूड फाटे सरकारने पुढील चार-पाच वर्षांत बांधले, तेही या दोन पेठांतील कापसासाठीच. परंतु कापूस वाहणारी गाडी स्वतः कशावर चालत होती, आणि त्या कापसातील सरकी काढून व तो दाबून तिच्या स्वाधीन करणारे जीन-प्रेस कारखाने कोणत्या बळावर फिरत होते, हे विचारल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही.

रेल्वेपूर्वीच्या व्यापाराला हा प्रश्न पडला नव्हता. 1842 साली एका व्यापाऱ्याने अमरावतीहून एक लाख बैलांवर लादलेला कापूस जबलपूरमार्गे गंगेकाठच्या मिर्झापुरास रवाना केला, असे जुन्या गॅझेटियरांत नमूद आहे. ती मजल सुमारे पाचशे मैलांची होती. पण बैलाची शिदोरी वाटेवरच्या कुरणांत उभी असे आणि तिची तजवीज कोणास आगाऊ करावी लागत नसे. इंजिनाचे तसे नव्हते. त्याला ठराविक अंतरावर पाणी आणि कोळसा तयार हवा, आणि पश्चिम हिंदुस्थानात तर दगडी कोळशाचा पत्ताच नव्हता. म्हणून आरंभीची कित्येक वर्षे इंग्लंडातील खाणींचा कोळसा जहाजांनी मुंबई बंदरात उतरे, आणि तेथून सह्याद्रीचा घाट चढून आत जाई. म्हणजे कापूस इंग्लंडास पोहोचविण्यासाठी आधी इंग्लंडचा कोळसा इकडे आणावा, असा हा खर्चिक व्यवहार होता.

तो बदलण्याचे साधन वऱ्हाडच्या पूर्व सरहद्दीवरच सापडले. वर्धा नदीच्या खोऱ्यात, चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यातील घुग्घुस व वरोरा या भागांत कोळशाचे थर असल्याचे एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकाच्या अखेरीस निश्चित होऊ लागले. जिल्ह्याचे डेप्युटी कमिशनर मेजर ल्यूसी स्मिथ यांचे नाव या शोधाशी निगडित आहे, आणि भूगर्भ खात्याच्या ह्यूज यांनी या क्षेत्रावर लिहिलेला विस्तृत ग्रंथ 1877 साली प्रसिद्ध झाला. हे थर नदीच्या एकाच तीरावर थांबत नव्हते. पश्चिमेकडे वणीच्या मुलखातही ते पसरले होते, आणि वणी म्हणजे वऱ्हाड. परंतु त्या काळी वर्धा नदी ही नुसती नदी नव्हती, ती दोन राज्यकारभारांमधील मर्यादा होती. पूर्वेचा चांदा जिल्हा नागपूरच्या चीफ कमिशनरांच्या हुकुमतीखाली, तर पश्चिमेचे वऱ्हाड 1853 च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेले असले तरी नावाने निजामाचेच, आणि त्याचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटाकडे. सरकारी खाण निघाली ती पूर्वेच्या बाजूला, वरोऱ्यास. पलीकडचे वणीचे थर दीर्घकाळ जमिनीतच राहिले.

वरोऱ्याचा कोळसा बाहेर काढण्यासाठी सरकारने वर्ध्यापासून हिंगणघाटावरून वरोऱ्यापर्यंत एक स्वतंत्र लोहमार्ग बांधला, आणि त्याचे नावही वर्धा कोल स्टेट रेल्वे असेच ठेवले. 1877 साली हा मार्ग पूर्ण झाला. त्याच वर्षाच्या आरंभी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरास सुरू झाली; मुंबई सोडून इतक्या आत गिरणी घालण्याच्या निर्णयामागे भोवतालचा कापूस जसा होता, तसा हाताशी आलेला वरोऱ्याचा कोळसाही होता. कोळशासाठी बांधलेल्या रुळांवरून हिंगणघाटचा नामांकित कापूस जाऊ लागला, आणि कापसासाठी बांधलेल्या रुळांवरून वरोऱ्याचा कोळसा वऱ्हाडात उतरू लागला. गंमत अशी की वर्ध्याहून पुढे हे दोन्ही माल एकाच दिशेने, पश्चिमेकडे, जात; त्यामुळे दिवाळीनंतर कापसाचा हंगाम सुरू झाला की गाठींना आणि कोळशाला एकाच बाजूने जाणारे डबे एकाच वेळी लागत, आणि परत येणारे डबे मात्र बहुतांशी रिकामे येत. हंगामाआधीच कोळशाची गंजी मारून ठेवणारा जीनवाला म्हणूनच शहाणा ठरे.

अशी बेगमी करणेही सोपे नव्हते, कारण वर्धा खोऱ्यातील कोळशाची प्रकृतीच मुळी चंचल. त्यात ओलाव्याचे प्रमाण मोठे. उघड्यावर पडला की तो तडकून भुगा होतो, आणि मोठा ढीग घातला तर आतल्या आत तापून आपोआप पेट घेतो. ढीग फार उंच करू नये, भुगा वेगळा काढावा आणि जुना माल आधी जाळावा, ही या कोळशाबरोबर येणारी शिस्त होती. बॉयलरपाशी उभा असलेला फायरमन तो फावड्याने भट्टीत लोटी. वाफेवर इंजिन फिरे, इंजिनावरून छताशी असलेला लांब दांडा फिरे, आणि त्या दांड्यावरून खाली उतरलेल्या चामडी पट्ट्यांनी ओळीने मांडलेले रेचे चालत. रेच्यावर कापूस घालणाऱ्या बायांच्या समोर रुई एकीकडे आणि सरकी दुसरीकडे पडे. ती रुई प्रेसमध्ये जाई आणि 392 पौंडांची, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली गाठ होऊन बाहेर येई. गाठ जितकी घट्ट, तितक्या अधिक गाठी एका डब्यात मावत आणि भाडे परवडे. अमरावती, बडनेरा, अकोला येथे स्टेशनाच्या आसपास जीन-प्रेसची धुराडी उभी राहिली, ती याच हिशेबाने. कापूस बंडीने कोठूनही येऊ शकत होता, कोळसा मात्र रुळांनीच येत होता.

वरोऱ्याची खाण 1906 साली बंद पडली आणि तिची जागा बल्लारपूरच्या खाणीने घेतली. तोवर 1902 च्या करारान्वये वऱ्हाड इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्याने आले होते, पुढच्याच वर्षी ते मध्यप्रांताच्या कारभारास जोडले गेले, आणि 1905 च्या फेररचनेत वणी जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले. नदीने पूर्वी वेगळे केलेले दोन मुलूख आता एकाच दप्तराखाली आले; तरीही रुळांची दिशा बदलली नाही. याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे किलिक निक्सन कंपनीच्या व्यवस्थेखालील सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने बांधलेली, पुढे शकुंतला या नावाने सर्वांच्या ओळखीची झालेली अडीच फुटी मार्गाची गाडी. मूर्तिजापूर मध्ये धरून तिची एक बाजू अचलपुरास आणि दुसरी, सुमारे 113 किलोमीटरांची, यवतमाळास गेली. हेतू एकच: आतला कापूस मुंबईच्या मोठ्या मार्गावर आणून सोडणे. वरोऱ्यापासून यवतमाळ सरळ रेषेत सुमारे नव्वद किलोमीटर. पण वर्धा खोऱ्यातला कोळसा यवतमाळास रुळांनी न्यायचा तर तो वर्धा, बडनेरा असा उत्तरेचा वळसा घालून मूर्तिजापुरास जावा, तेथे मोठ्या डब्यांतून लहान डब्यांत हमालांनी भरावा, आणि मग पुन्हा आग्नेयेस उलट यावा, असा तीनशे किलोमीटरांहून अधिक प्रवास त्याला पडे. या मार्गावर 1921 साली मँचेस्टरमध्ये घडविलेले वाफेचे इंजिन 1994 पर्यंत धावत होते, आणि तेवढी सारी वर्षे या कापसाच्या गाडीला स्वतःचा कोळसा असा परक्या मार्गाने मागवावा लागला.

वणीच्या पोटातला कोळसा पुढे निघाला, आणि 1973 च्या राष्ट्रीयीकरणानंतर वेस्टर्न कोलफील्ड्सच्या उकणी, मुंगोली, कोलारपिंपरी यांसारख्या उघड्या खाणींनी त्या तालुक्याचे रूपच पालटले. अकोला जिल्ह्यातील पारस येथे मुख्य लोहमार्गाला लागून वीजकेंद्र उभे राहिले. आज तेथे अडीचशे मेगावॅटचे दोन संच आहेत. म्हणजे वऱ्हाडचा कोळसा वऱ्हाडातच जाळण्याची सोय एकदाची झाली. मात्र वणीहून पारसला जाणारी मालगाडी आजही माजरीहून वरोरा, हिंगणघाट, वर्धा याच वाटेने जाते, जी दीडशे वर्षांपूर्वी नदीपलीकडच्या सरकारी खाणीसाठी आखली गेली होती.

वर्ध्याहून यवतमाळमार्गे नांदेडला जाणारा नवा मोठा लोहमार्ग आता होत आहे आणि वर्धा ते कळंब हा त्याचा पहिला टप्पा 2024 साली खुला झाला आहे. तो यवतमाळास पोहोचला की मूर्तिजापूरचा वळसा उरणार नाही. परंतु यवतमाळचे जीन आता विजेवर चालतात, त्यांना कोळशाची गरज नाही. रूळ जमिनीवर राहणाऱ्यांच्या निकडीपेक्षा माल उचलणाऱ्यांच्या निकडीने टाकले गेले, की ते टिकतात पुष्कळ, पण गरजेच्या वेळी गरजेच्या ठिकाणी क्वचितच असतात. वऱ्हाडच्या कोळशाने हीच गोष्ट शंभर-सव्वाशे वर्षे भाड्याच्या रूपाने मोजून दाखविली आहे.