माथ्यावरचा एक फेरा

माथेरान कोणी शोधले, असा प्रश्न आमच्या लहानपणी सामान्यज्ञानाच्या पुस्तकात हमखास असे, आणि त्याचे उत्तरही ठरलेले असे: ह्यू मॅलेट, ठाण्याचा कलेक्टर, सन १८५०. मी ते उत्तर कित्येक वेळा घोकले, गुणही मिळवले. पण ज्या वाटेने मॅलेट चढला आणि ज्या वाटेने उतरला, त्या दोन वाटांच्या माथ्यांवरून स्वतः हिंडल्यावर मात्र या उत्तराबद्दल माझ्या मनात थोडी रुखरुख लागून राहिली आहे. तीच आज वाचकांपुढे मांडतो.

हा फेरा काही मोठा नव्हे. सकाळी चहा घेऊन बाजारपेठेतून निघावे, दक्षिणेकडे अलेक्झांडर पॉइंट, रामबाग, चौक पॉइंट असे करीत वन ट्री हिल गाठावी आणि शार्लोट तलावाच्या बाजूने जेवणाच्या वेळेपर्यंत मुक्कामावर परत यावे. दिवाळीच्या सुमारास गेले तर पाऊस नुकताच सरलेला असतो. जांभ्या दगडाची तांबडी माती बसलेली असते, हवेत गारवा असतो, आणि जांभूळ, हिरडा, अंजनीच्या दाट सावलीतून चालताना ऊन अंगाला क्वचितच लागते. गावात खासगी मोटारींना बंदी असल्यामुळे ऐकू येतात ती घोड्यांची पावले, माकडांची पळापळ आणि आपलेच बोलणे.

मी गेलो तेव्हा माझ्यासोबत गावातले एक वृद्ध गृहस्थ होते. आम्ही सारे त्यांना मामा म्हणत असू. उमेदीच्या काळात ते हातरिक्षा ओढत. चढाला लागलो की माझाच श्वास आधी फुलायचा, आणि मामा माझ्यासाठी थांबल्याचे मला कळू नये म्हणून उगाच एखाद्या झाडाकडे बघत उभे राहायचे.

मॅलेटची हकीकत थोडक्यात अशी. १८५० च्या मे महिन्यात त्याचा मुक्काम डोंगराच्या दक्षिण पायथ्याशी चौक गावी होता. तिथून तो वन ट्री हिलच्या बाजूने वर आला, माथ्यावरचे रान पाहून हरखला आणि रामबागेच्या वाटेने खाली उतरला. म्हणजे त्याचाही एक फेराच झाला. त्याच वर्षी तो पुन्हा वर आला आणि पुढे इथे त्याने घरही बांधले. १८५५ साली मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन येऊन गेला, आणि मग बंगल्यांची रीघ लागली. १८५६ च्या सुमारास आगगाडी खोपोलीपर्यंत पोचली, त्यामुळे मुंबईचे पाहुणे नेरळला उतरू लागले आणि चौककडची मूळची वाट मागे पडली. नेरळहून वर येणारी छोटी गाडी सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने बांधली. १९०४ साली काम सुरू झाले, १९०७ साली गाडी धावू लागली. दोन फूट रुंदीच्या रुळांवरून डोंगराला वळसे घेत येणारी ही गाडी लहानमोठ्या सर्वांनाच प्रिय आहे.

हे सगळे मी वन ट्री हिलसमोर उभा राहून मामांना मोठ्या हौसेने सांगत होतो. समोर प्रबळगडाचा आडवा कडा, खाली मोरबे धरणाचे निळे पाणी, त्यापलीकडे चौक आणि जुना मुंबई-पुणे रस्ता. समुद्रसपाटीपासून सुमारे २,६०० फुटांवरून दिसणारा तो देखावा पाहून कोणीही माझ्यासारखाच वाचाळ झाला असता. मामांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “साहेब वर आला, तेव्हा त्याच्या पुढं कोण चाललं होतं?”

मला उत्तर सुचेना. मे महिन्याच्या उन्हात, ठाऊक नसलेल्या डोंगरावर, दाट रानातून कलेक्टर एकटा चढत नसतो. पुढे कोणीतरी कोयत्याने काट्या बाजूला सारीत चालला असणार, पाणी कुठे आहे ते त्यालाच माहीत असणार. आणि वाट आहे याचा अर्थ ती वापरणारी पावले आधीची आहेत. ठाकूर, कातकरी, धनगर या रानात पिढ्यान् पिढ्या वावरत होते. खुद्द माथेरान हे नावच सांगते की माथ्यावरचे हे रान मराठी बोलणाऱ्यांना परके नव्हते. परतीच्या वाटेवर तलावाकाठी पिसारनाथाचे ठाणे लागते. तो या गावचा ग्रामदेव. देव वसायला माणसे लागतात, कलेक्टर नव्हे.

एक गोष्ट मला तिथेच उमगली. जिथे उभे राहून देखावा बघायचा, त्या कितीतरी जागांना साहेबमडमांची नावे आहेत: अलेक्झांडर, लुईझा, शार्लोट. रामबाग, चौक ही नावे मात्र खालून चढून येणाऱ्यांच्या वाटांवर टिकली आहेत.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात एक ठाकरीण डोक्यावर भाजीची पाटी घेऊन चौककडून वर आली. मामांनी “दमलीस का गं?” म्हणून विचारले, ती हसून पुढे गेली. मॅलेटने जे एकदा केले ते ती बाजाराच्या दिवशी करते.

मला माझे लहानपण आठवले. याच गावात मी आजीच्या मांडीवर बसून हातरिक्षेतून फिरलो होतो. एक माणूस पुढून ओढत होता, दोघे मागून ढकलत होते, आणि मी हातातल्या पुस्तकातून मॅलेटचे नाव पाठ करीत होतो. त्या तिघांची नावे विचारावीत असे ना मला वाटले, ना आजीला. हे मी मामांना सांगितले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “तुम्ही पोर होता. तुमचं वजन नव्हतंच काही.”

याच माथेरानात १ डिसेंबर १९१२ रोजी एका गरीब नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले. ते वकील झाले, त्यांनी शेतकऱ्यांसाठी आणि आदिवासींसाठी काम केले, बेचाळीसच्या लढ्यात आझाद दस्त्याचे नेतृत्व केले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात गोळीला बळी पडले. भाई कोतवालांना रानातल्या माणसांची नावे ठाऊक होती, म्हणूनच रानाने त्यांना आसरा दिला. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा, ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन त्यांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. मॅलेटच्या त्या फेऱ्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी.

दुपारी बाजारपेठेत परत आलो. चिक्कीच्या दुकानापाशी मामांचा निरोप घेताना मी त्यांना त्यांचे पूर्ण नाव विचारले. इतक्या वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदाच. त्यांनी ते सांगितले, आणि मग लहान मुलाला शिकवावे तसे, सावकाश, पुन्हा एकदा सांगितले.